दोघंही मलाच झोडपतात

प्रश्न : आदरणीय बाईंना नमस्कार. मी उदगीरला असतो, खता-बियाण्याचं दुकान आहे. आमच्या दहावीच्या २००१ च्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ६४ जण आहेत, ॲडमिन मीच. मोहरमला मी गावातल्या सवारीचा, म्हणजे मिरवणुकीत धरतात त्या पंजाचा, फोटो टाकला. सवारी धरायची चाल आमच्या घराण्यात आजोबांनी नवस केला तेव्हापासून आहे. घरात माळकरीही आहेत, पंढरीची वारीही चुकत नाही. फोटोखाली एका मित्रानं लिहिलं, ‘हिंदू असून असले प्रकार करायला लाज वाटत नाही का?’ तासाभरात दुसऱ्यानं, तो मुसलमान आहे, लिहिलं, ‘हे इस्लाममध्ये बसतच नाही, तुम्ही आमच्या धर्माचा तमाशा करता.’ मी रात्री दीडपर्यंत दोघांना उत्तरं देत बसलो. पुस्तकांच्या पानांचे फोटो काढून टाकले. कुणी एक शब्द मागे घेतला नाही. आता पहिला रोज काहीतरी पाठवतो, दुसराही मधूनच टोकतो आणि मी रोज उत्तर देतो. समोर गिऱ्हाईक उभं असतं अन् मी टाईप करत असतो. वडील म्हणतात, ‘उगं कशाला दगडावर डोकं आपटून घ्यायलास?’ पण गप्प बसलं की हरल्यासारखं वाटतं. अशा बंद डोक्याच्या माणसांशी बोलावं की सोडून द्यावं?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मला माझा धाकटा भाऊ आठवला, म्हणून आधी त्याचं सांगते.

चार वर्षांपूर्वी घरच्या ग्रुपवर त्याचं आणि माझं असंच जुंपलं होतं. देवीला नवसाचा बोकड कापावा का, हा विषय. मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे, संदर्भ काढणं आणि दुसऱ्याची चूक पकडणं हा माझ्या हातचा मळ. त्याच्या एकेका वाक्याला मी उत्तर दिलं. रागाच्या भरात त्याच्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा सगळ्यांसमोर दाखवल्या. भाचे-पुतणे मला शाबासकीचे अंगठे पाठवत होते आणि मला वाटत होतं, आपण जिंकलो.

त्या वर्षी येळवसेला तो शेतात आला नाही. आमची शेती औसा तालुक्यात आहे. लातूरकडच्या वाचकांना येळवस सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. त्या अमावास्येला अख्खं गाव शेतात असतं, कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून पांडव पुजतात, भज्जी, उंडे, आंबील यांवर जो येईल तो जेवतो, ओळखीचा असो नसो. रस्त्यानं जाणाऱ्या परक्याला हाक मारून बसवतात. त्या पंगतीत माझा सख्खा भाऊ नव्हता. आईनं त्याच्या वाटचे उंडे काढून ठेवले होते, ते संध्याकाळी तसेच डब्यातून घरी आले.

पुढच्या वर्षी येळवसेच्या आठ दिवस आधी मी त्याच्या घरी गेले. विषय काढलाच नाही. जाताना फाटकापाशी तोच म्हणाला, ‘लेक वीस दिवस दवाखान्यात होती ना, तेव्हा बोललो होतो तो नवस.’ मला हे माहीत नव्हतं. तीनेकशे मेसेज झाले होते आमचे. त्यात मी एकदाही विचारलं नव्हतं, की तुला हे का करावंसं वाटतं. बोकडाबद्दल माझं मत आजही तेच आहे, त्याचंही तेच आहे. पण आता तो येतो, आंबिलाचा बिंदगा तोच उचलतो.

आता तुमच्या दोघांकडे येऊ. तुम्ही त्यांना एकाच दाव्याला बांधलं आहे, ‘बंद डोक्याची माणसं’ म्हणून. मला ते दोघं सारखे वाटत नाहीत.

पहिला मित्र रोज जे पाठवतो, त्यावर डाव्या कोपऱ्यात दोन बाण आहेत का ते बघा. दोन बाण म्हणजे तो मजकूर निदान पाच हात फिरून आलेला आहे. असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पुढे ढकलता येईल, असं बंधन कंपनीनं एप्रिल २०२० पासून घातलं आहे, तरी तो फिरतोच. तो मजकूर तुमच्या मित्रानं लिहिलेला नाही, कदाचित शेवटपर्यंत वाचलेलाही नाही. म्हणजे तुम्ही रोज ज्याला उत्तर देता तो माणूस त्या ग्रुपवर नाहीच. म्हणून दोन बाणांच्या मेसेजला उत्तर देऊ नका. द्यायचंच तर एवढं विचारा, ‘हे राहू दे, तुला स्वतःला काय वाटतं ते तुझ्या शब्दांत लिही.’ लिहिलं तर बोलणं सुरू होईल. पुन्हा दोन बाणच आले, तर तुमचं काम तिथं संपलं.

दुसऱ्याचं वेगळं आहे. ‘तुम्ही आमच्या धर्माचा तमाशा करता’ हे वाक्य त्याचं स्वतःचं आहे आणि त्यात दुखावलेपण आहे. सवारी, ताबूत हे धर्मात बसत नाही, असं मानणारे जाणते लोक मुसलमानांमध्ये पुष्कळ आहेत, तो ते मनातून मानत असेल. त्याच्याच धर्माचं पान फोटो काढून तुम्ही त्याला शिकवायला गेलात, हे मला बरोबर वाटलं नाही. तुमच्या वारीबद्दल त्यानं तुम्हाला असं एखादं पान पाठवलं असतं तर? या मित्राला ग्रुपवर काही लिहू नका. फोन करा, किंवा दुकानात चहाला बोलवा.

डोकं खरंच बंद आहे का, हे ओळखायचा मला एकच प्रश्न ठाऊक आहे : ‘असं काय दिसलं, तर तुझं मत बदलेल?’ जो म्हणेल ‘काहीही झालं तरी नाही’, त्याच्याशी वाद घालायचा नाही. नातं ठेवायचं, पीकपाण्याचं, लेकराबाळांचं बोलायचं. मात्र हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. सवारीबद्दल तुमचं मत कशानं बदलेल? उत्तर ‘कशानंच नाही’ असं आलं, तर समोरच्याला त्याच कारणावरून नावं ठेवता येणार नाहीत.

बंद दार उघडतच नाही, असंही मी म्हणणार नाही. मेगन फेल्प्स-रोपर नावाची एक अमेरिकन बाई आहे. कॅन्सस राज्यातल्या तिच्या घरच्या चर्चची माणसं सैनिकांच्या अंत्यविधीलाही द्वेषाचे फलक घेऊन उभी राहायची. ती लहानपणापासून त्यांच्यात होती आणि त्या चर्चचं ट्विटर तीच चालवायची. तिथं रोज शिव्या खाता खाता काही लोक असे भेटले, की ते शिव्या द्यायचे थांबले आणि प्रश्न विचारायला लागले. त्यांतल्या एका ज्यू माणसानं तिला तिच्याच धर्मग्रंथातली विसंगती शांतपणे दाखवली. २०१२ मध्ये तिनं चर्च सोडलं, आणि त्यासोबत घरही. म्हणजे बोलून माणूस बदलतो. पण त्याला वर्षं लागली आणि बोलणारे चिडले नव्हते. तुमच्याकडे तेवढी वर्षं आणि तेवढा धीर आहे का, हे तुम्हीच ठरवा. नसला तरी त्यात कमीपणा नाही.

आता त्या ६१ जणांबद्दल, ज्यांचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. ६४ मधून तुम्ही तिघं वजा केलेत की एवढे उरतात. ते वाचतात, बोलत नाहीत. पैठणच्या एकनाथांचं हिंदू-तुर्क संवाद नावाचं भारूड आहे, सोळाव्या शतकातलं. त्यात दोघं एकमेकांच्या देवाधर्मावर असे तुटून पडतात, की आज कुणी लिहायला धजावणार नाही, आणि शेवटी गळ्यात गळे घालतात. सगळे त्या गळाभेटीचं कौतुक करतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. भारूड गावासमोर व्हायचं. ते भांडण त्या दोघांपुरतं नव्हतंच, समोर बसून ऐकणाऱ्यांसाठी होतं. तुमच्या ग्रुपवरही आजीच्या दर्ग्याच्या नवसाची लाज वाटायला लागलेला कुणी असेल. शेजारच्या दिंडीला पाणी वाटणारा आणि आता आपण चुकलो का असं मनाशी म्हणणारा एखादा मुसलमान वर्गमित्र असेल. त्यांच्यासाठी उत्तर द्यायचं. एकदाच, चार ओळींत, कुणाचं नाव न घेता. त्या चार ओळींनंतर कितीही डिवचलं तरी पुन्हा नाही. गप्प बसणं हे हरणं तेव्हा ठरतं, जेव्हा आपण एकदाही बोललेलो नसतो.

तुम्ही ॲडमिन आहात म्हणून थोडं कायद्याचं. सभासदानं टाकलेल्या मजकुरासाठी, त्याच्याशी संगनमत नसताना, निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. तेवढी भीती मनातून काढा. पण जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं धर्मभावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मध्यरात्री चिडून लिहिलेली ओळ दुसऱ्याच्या फोनमध्ये फोटो होऊन राहते. कुणाच्या आईबहिणीवर किंवा जातीवर कुणी गेलं, तर तो मेसेज लगेच पुसा. ॲडमिनला तो सगळ्यांसाठी पुसता येतो. मग लिहिणारा दोघांपैकी कुणीही असो.

आणि गिऱ्हाईक समोर असताना फोन गल्ल्यात ठेवा. पेरणीच्या दिवसांत तुमच्याकडे येणारा माणूस उधारीचं मनात घोळवत उभा असतो, त्याला तुमचं लक्ष हवं असतं.

राहता राहिल्या त्या चार ओळी. तुम्ही पुस्तकांची पानं टाकलीत म्हणता, पण आजोबांनी कसला नवस केला होता, हे मलाही लिहिलेलं नाही आणि बहुधा ग्रुपवरही नाही. लेकरू वाचावं म्हणून होता, की पाऊस पडावा म्हणून? तेव्हा शेजारी कोण उभं होतं, सवारी त्यांच्या हातात कुणी दिली? वडिलांना आठवत असेल. आज रात्री फोन बाजूला ठेवून त्यांना विचारा, आणि ते सांगतील तसंच्या तसं लिहा. पहिल्यांदा मला पाठवलंत तरी चालेल.