शेततळं रिकामं करायला सायफन पुरेल की पंपच लावावा लागेल?

पाइपचं बाहेरचं तोंड तळ्याच्या तळापेक्षा खाली नेता येत असेल, तर सायफनच लावा, म्हणजे पाण्याने भरलेला पाइप, जो तळ्यातलं पाणी आपोआप बांधावरून पलीकडे खाली ओढतो. फुकट चालतो, लाइट गेली तरी थांबत नाही. शेजारचं रान तळ्याच्या पातळीत असेल तर मात्र पंपाला पर्याय नाही. कारण सायफन पाणी चढवत नाही, बांधावरून ओलांडून फक्त उतरवतो. ती ओलांडही बेताचीच: समुद्रसपाटीला हिशेबाने 10.3 मीटर, प्रत्यक्षात पाण्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंत 6-7 मीटरच धरा. पाणी उतरतं तशी ही उंची वाढत जाते, तेव्हा तळापासून मोजा.

30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल तळ्यात बाजूंचा उतार धरून साधारण 20 लाख लिटर पाणी बसतं. 3 इंची, 60 मीटर लांब पाइप आणि पाण्याच्या पातळीपासून बाहेरच्या तोंडापर्यंत 3 मीटर उतार असेल तर सुरुवातीला ताशी 25-30 हजार लिटर निघतं, पुढे धार कमी होत जाते. म्हणजे चार-पाच दिवस सहज. घाई असेल तर दोन पाइप टाका.

पाइप कडक एचडीपीईचाच (जाड प्लास्टिकचा) हवा, गुंडाळून ठेवता येणारा मऊ लपेटा पाइप आतल्या ओढीने चपटा होतो. आतल्या टोकाला फुटव्हॉल्व्ह (पाइपातलं पाणी तळ्यात परत जाऊ न देणारी झडप, जाळीसकट), बाहेरच्या टोकाला कॉक. खालचा कॉक बंद ठेवून पाइपाच्या माथ्यावरच्या तोंडातून पाणी भरा, बुडबुडे थांबले की तिथलं बूच घट्ट लावा, मगच खालचा कॉक उघडा. जाळी तळापासून वीतभर वर टांगा, नाहीतर अस्तराचा प्लास्टिक कागदच तोंडाला चिकटतो. शेवटचं गाळाचं पाणी काढायला तेवढा छोटा पंप लागेलच.