सहकुटुंब प्रवासात गाडीच्या आत आणि टपावर सामान सुरक्षित कसं लावायचं?

तुमची गाडी सात आसनी, माणसं पाच. तिसरी रांग पाडून झालेली जागा छतापर्यंत भरायची आणि जे मावणार नाही ते, त्यात एक डबल बेडची गादीही, टपावर टाकायचं असा तुमचा बेत आहे. ‘दोरीनं घट्ट आवळलं की झालं ना?’ असं विचारलंय. नाही, तेवढ्यानं होत नाही. बांधणं हा नंतरचा भाग. आधी प्रत्येक वस्तूकडे बघून एकच विचार करायचा: आत्ता करकचून ब्रेक मारला तर ही कुठे जाईल आणि तिच्या वाटेत कोण बसलंय? सामानाची जागा यावरून ठरवली की दोऱ्या-पट्ट्यांचं निम्मं काम हलकं होतं.

पण त्याच्याही आधी वजन. याकडे कुणी बघतच नाही, कारण डिकीत जागा दिसते आणि जागा आहे म्हणजे भरायला हरकत नाही असं वाटतं. गाडीच्या कागदपत्रांत किंवा मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, जास्तीत जास्त एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. समजा ते 2,300 आणि 1,750 किलो आहेत. उरले 550. पाच माणसं सरासरी 65 किलोंची धरली तर 325 गेले, सामानाला राहिले 225. ऐन वेळी आणखी दोघं चढली की फक्त 95! टपावरचं सामान आणि कॅरियरचं स्वतःचं वजनसुद्धा यातूनच जातं, त्याला वेगळा कोटा नसतो. तुमच्या गाडीचे खरे आकडे काढा आणि मोठ्या बॅगा घरच्या वजनकाट्यावर एकदा ठेवून बघा. अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो.

आता आतलं सामान. ताशी 50 किमीनं जाणारी गाडी एखाद्या भक्कम वस्तूवर आदळली की तिचं नाक चेपत चेपत साधारण अर्ध्या मीटरमध्ये ती थांबते. गणित केलं तर हा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीसपट येतो. म्हणजे 15 किलोची बॅग त्या क्षणी पुढच्या सीटला 300 किलोंच्या जोरानं रेटते, आणि तेही ती आधीपासून सीटला टेकलेली असेल तर. मध्ये हातभर मोकळी जागा असेल तर बॅग ती पूर्ण वेगानं पार करून आदळते, आणि तो दणका याहून मोठा असतो. मागच्या सीटची पाठ सामान अडवेल हा भरवसाही बेतानंच ठेवावा. सीटच्या मजबुतीसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो वाहन नियम क्रमांक 17 आहे, त्यातल्या चाचणीत सीटमागे 30 सेंटिमीटरचे, प्रत्येकी 18 किलोचे दोन ठोकळे ठेवून ताशी 50 किमीचा धक्का देतात. दोन्ही मिळून 36 किलो. तुम्ही डिकीत किती भरणार आहात?

म्हणून सगळ्यात जड वस्तू सगळ्यात खाली आणि सगळ्यात पुढे, मधल्या रांगेच्या पाठीला चिकटून. चिकटून म्हणजे बोटही आत जाणार नाही अशी. गाडी तोलातही यामुळेच राहते, कारण वजन मागच्या चाकांच्या पलीकडे टोकाला गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर गाडी ऐकत नाही. आधी मधल्या रांगेची पाठ नीट लॉक झालीय ना, ते हातानं ओढून बघा. या सीट पुढे-मागे सरकतात आणि घाईत खटका अर्धवट बसलेला असतो. पाडलेल्या तिसऱ्या रांगेमुळे तळ बऱ्याच गाड्यांत सपाट राहत नाही, पायरी किंवा उतार तयार होतो. त्या खाचेत चादरी, उशा, स्वेटर असं मऊ सामान ठासून भरा, म्हणजे वरच्या बॅगा डगमगत नाहीत. अशी ठासून भरलेली डिकी हीच अर्धी बांधणी असते.

छतापर्यंत भरण्याबद्दल माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे. मधल्या सीटच्या पाठीची जी उंची, तीच सामानाची उंची. त्यावर ठेवलेली प्रत्येक वस्तू ब्रेक लागताच मुलांच्या डोक्यावरून पुढे येऊ शकते, शिवाय आरशात मागचं काही दिसत नाही. त्याहून वर न्यायचंच असेल तर सीटमागे लावायची जाळी किंवा लोखंडी जाळीचं पार्टिशन मिळतं, ते तुमच्या मॉडेलसाठी बनवलेलं घ्या आणि दिलेल्या जागीच अडकवा. डिकीवर ओढायचा पातळ पडदा फक्त नजरेआड करण्यासाठी असतो, तो काहीही थांबवत नाही.

बहुतेक गाड्यांत डिकीच्या तळाशी चार कोपऱ्यांत कड्या असतात. कार्पेटखाली दबलेल्या असल्या तर मालकाला वर्षानुवर्षं त्यांचा पत्ता नसतो! दोन पट्टे घेऊन सामानावरून तिरके, फुलीसारखे, समोरासमोरच्या कोपऱ्यांत ओढा. बाजूच्या प्लास्टिकवरचे हुक हलकी पिशवी टांगण्यापुरते असतात आणि चाइल्ड सीटच्या आयसोफिक्स कड्या चाइल्ड सीटसाठीच, त्या दोन्हींना सामान बांधू नका. मधल्या रांगेत एखादी जागा रिकामी राहिली तर तिथला सीटबेल्ट तसाच लावून टाका. मागून सामानाचा रेटा आला तर पाठीला तेवढाच आधार होतो.

मोठ्या बॅगांपेक्षा मला धास्ती वाटते ती किरकोळ वस्तूंची. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी गडगडली आणि ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसली की पुढचं सांगायला नको. बाटल्या दाराच्या कप्प्यात ठेवा. लॅपटॉप, कॅमेरा, छत्री मागच्या काचेजवळच्या फळीवर नको, डॅशबोर्डवर तर काहीच नको, कारण एअरबॅग उघडताना त्यावरचं सगळं तोंडावर येतं.

टपाचा हिशोब वेगळा. गाडीला टपावर किती झेपतं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. घरगुती गाड्यांना हा आकडा साधारण 50 ते 100 किलोंच्या दरम्यान असतो आणि त्यात कॅरियर किंवा बॉक्सचं वजनही धरायचं असतं. मर्यादा 75 आणि आडव्या दांड्यांसह बॉक्स 20 किलोंचा असेल तर सामानाला 55 उरले. दांड्यांची आणि बॉक्सची स्वतःची मर्यादाही असते. तिन्हींत जो आकडा सगळ्यात लहान, तो खरा. वर फक्त हलकं पण जागा खाणारं सामान ठेवा. जड सुटकेस वर आणि उशा आत, असं मी अनेक गाड्यांवर बघतो. ते नेमकं उलटं आहे. वजन वर गेलं की गाडी वळणावर जास्त कलते आणि आडव्या वाऱ्यात डोलते.

आता पट्ट्यांबद्दल. हुक असलेल्या रबरी दोऱ्या टपावरच्या सामानासाठी विसरा. त्या ताणल्या जातात, म्हणजे ऐन झटक्याला सामानाला मोकळीक देतात, आणि सुटलेला हुक डोळ्यावर येतो तो वेगळाच. रॅचेटचे, म्हणजे दांडा मागे-पुढे करून आवळायच्या खटक्याचे, पट्टे घ्या. त्यांच्या लेबलवर एलसी या अक्षरांपुढे किती भार पेलतो ते डेकान्यूटनमध्ये लिहिलेलं असतं, आणि एक डेकान्यूटन म्हणजे जवळपास एक किलोचा जोर. लेबल नसलेला, कडा उसवलेला किंवा कधी गाठ मारलेला पट्टा वापरू नका, गाठीमुळे ताकद जवळपास निम्म्यावर येते. पट्टा रॅचेटच्या फटीतून ओवून आधी हातानंच पूर्ण खेचून घ्या, मग दांडा मारा. पट्टा ज्यावर गुंडाळला जातो त्या गाभ्यावर किमान दीड आणि जास्तीत जास्त तीन वेढे बसले पाहिजेत. दीडपेक्षा कमी असले तर पट्टा निसटतो, तीनपेक्षा जास्त झाले तर रॅचेट अडकून बसतं. शेवटी दांडा सपाट बंद करा आणि लोंबणारं टोक गुंडाळून खोचा. पट्टा धारदार कडेवरून जात असेल तर मध्ये जाड पुठ्ठा ठेवा. (वाऱ्यात पट्टा भुणभुण करत असेल तर त्याच्या मोकळ्या भागाला एक पीळ द्या, आवाज थांबतो.)

वरून आवळलेला पट्टा सामानाला पुढे सरकण्यापासून थेट अडवत नाही. तो फक्त खाली दाबतो, अडवायचं काम घर्षण करतं. मालवाहतुकीच्या युरोपीय मानकात सामान पुढच्या दिशेनं स्वतःच्या वजनाच्या 0.8 पट जोर सहन करेल इतकं बांधावं, असा हिशोब धरलेला आहे. 40 किलोच्या बोजाला म्हणजे 32 किलोंचा जोर. पृष्ठभाग गुळगुळीत असेल (घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, 0.3), तर बोजाच्या स्वतःच्या 40 किलोंशिवाय पट्ट्यांनी मिळून आणखी सुमारे 67 किलोंचा दाब द्यावा लागतो. खाली घसरणरोधक रबरी मॅट टाकून तोच आकडा 0.6 झाला तर 13-14 किलो पुरतात! इतकी स्वस्तात मिळणारी सुरक्षितता दुसरी नाही. मॅट डिकीतही टाका.

राहिली गादी. ताशी 90 किमीला हवेचा दाब दर चौरस मीटरला जवळपास 38 किलोंइतका असतो. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद गादीचं पुढचं टोक जरा उचललं गेलं की शंभर किलोंच्या आसपासचा जोर तिला मागे आणि वर ओढू शकतो. खिडकीतून हात काढून तिला धरणारा माणूस हे थोपवू शकत नाही. दारातून आत ओवलेली दोरीही काही कामाची नाही, कारण टपाला आधार नसतो आणि दारं उघडता येत नाहीत ते वेगळंच. खरं तर गादी मालवाहू गाडीनं पाठवा. फोमची असेल आणि गुंडाळता येत असेल तर गुंडाळून, चहूबाजूंनी बांधून आतच टाका. टपाशिवाय इलाजच नसेल तर कॅरियरवर गुंडाळी लांबीच्या दिशेनं ठेवा, दोन पट्टे कॅरियरच्या दांड्यांखालून घेऊन पूर्ण वेढा द्या आणि पुढच्या टोकापासून एक दोरी खाली बंपरजवळच्या टोइंगच्या कडीला बांधा. वेग निम्मा केला की हवेचा जोर चौथाईवर येतो. गादी टपावर असेपर्यंत हमरस्त्यावरही संथ जा.

निघण्यापूर्वी टायरमध्ये पूर्ण भाराची हवा भरा. दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे दोन आकडे असतात, त्यातला मोठा, आणि तोही टायर थंड असताना. मागचा भाग दबल्यामुळे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, म्हणून डॅशबोर्डवरच्या उंचीच्या चकतीनं त्यांचा झोत खाली करा. लांब वस्तूसाठी डिकी उघडी ठेवून जाऊ नका, कारण धुराबरोबरचा कार्बन मोनॉक्साइड आत ओढला जातो. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी बाजूला घेऊन पट्टे पुन्हा आवळा. सामान बसतं, चेपतं, आणि घरी टणक वाटलेला पट्टा तिथे ढिला निघतो. पावसात भिजले असतील तर पुढच्या थांब्यावर परत एकदा बघा.