वाचकांचे प्रश्न : घरी बनवलेला मोठा एलईडी डिस्प्ले

प्रश्न : डब्ल्यूएस२८१२बीच्या (डेटाच्या वायरीवरून प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येतो अशा) पट्ट्या कापून ३२ × ३२ चा डिस्प्ले केला आहे. ५ व्होल्ट, १० अँपिअरचा सप्लाय लावला आहे. मजकूर छान दिसतो, पण सगळं पांढरं केलं की खालचा भाग पिवळट पडतो आणि कंट्रोलर रीसेट होतो. सप्लाय किती मोठा घ्यावा?

उत्तर : एका एलईडीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात. प्रत्येकी सुमारे २० मिलिअँपिअर, म्हणजे पूर्ण पांढऱ्याला ६०. तुमचे एलईडी १०२४, तेव्हा हिशेब ६१ अँपिअरवर जातो. मजकुरात त्यातले थोडेच पेटलेले असतात म्हणून आत्ता भागतं. पांढऱ्या पडद्याला सप्लाय दबतो आणि त्याच्यावरच चालणारा कंट्रोलर रीसेट होतो.

तरीही ६१ अँपिअरच्या मागे लागू नका. घरात पूर्ण तेजावर हा डिस्प्ले डोळ्यांना सहन होणार नाही. फास्टएलईडी लायब्ररीत (असे एलईडी चालवणाऱ्या तयार कोडमध्ये) ब्राइटनेस २५५ पैकी १०० ठेवा, म्हणजे सगळं पांढरं केलं तरी २४ अँपिअर. त्याला ४० अँपिअरचा सप्लाय घ्या, तो आरामात चालेल. याच लायब्ररीत एकूण करंटवर मर्यादा घालायची सोय आहे, तीही जरूर वापरा, पण फक्त तिच्यावर विसंबू नका. ती सगळ्या डिस्प्लेची बेरीज बघते. एकाच कोपऱ्यात मोठा पांढरा चौकोन आला, तर त्या बाजूच्या वायरीवर किती भार पडला हे तिला कळत नाही. ब्राइटनेस कमी ठेवला की प्रत्येक वायरीचाही बंदोबस्त होतो.

पिवळेपणाचं कारण वेगळं आहे. निळ्या आणि हिरव्या दिव्याला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, लालला दोन पुरतात. पट्टीवरचा तांब्याचा थर पातळ असल्याने पुढे पुढे व्होल्टेज घसरतं आणि निळा आधी मंदावतो. मोठा सप्लाय आणून हा दोष जाणार नाही, वायरिंगच बदलावं लागेल. आठ-आठ ओळींचे चार भाग करा. प्रत्येक भागाला सप्लायपासून १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीची स्वतंत्र जोडी न्या. प्लसच्या वायरीत, सप्लायच्या बाजूला, १० अँपिअरचा फ्यूज टाका आणि पट्ट्यांपाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. या वायरीचा रोध मीटरला साधारण १३ मिलिओहम. मीटरभर जाऊन मीटरभर परत येताना ६ अँपिअरला ०.१६ व्होल्ट जातात. सगळे २४ अँपिअर एकाच जोडीतून नेले तर ०.६ व्होल्ट वाटेतच गेले. भागाच्या आत प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना प्लस आणि ग्राउंड जोडा. मग सगळं पांढरं करून सप्लायपासून सर्वांत लांबच्या एलईडीवर मल्टिमीटर धरा. ४.६ व्होल्टच्या वर असेल तर काम झालं.

प्रश्न : प्रत्येक दुसरी ओळ उलटी दिसते.

उत्तर : पट्ट्या नागमोडी जोडल्या आहेत, डेटा एका ओळीत डावीकडून तर पुढच्या ओळीत उजवीकडून जातो. वायरी तशाच राहू द्या, प्रोग्रॅम बदला. ओळींचे क्रमांक शून्यापासून धरा. सम ओळीत एलईडीचा क्रमांक ओळ × ३२ + स्तंभ, विषम ओळीत ओळ × ३२ + ३१ − स्तंभ.

प्रश्न : ईएसपी३२ या कंट्रोलरवर टेबलावर सगळं नीट चाललं. भिंतीवर लावून डेटाची वायर लांबवल्यावर पहिला एलईडी मधेच हिरवा चमकतो आणि पुढे रंगांचा गोंधळ होतो.

उत्तर : टेबलावरही ते काठावरच चाललं होतं. ५ व्होल्टवरच्या डब्ल्यूएस२८१२बीला सिग्नलमधला ‘एक’ ओळखायला सप्लायच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. ईएसपी३२ देतो ३.३. लांब वायरीने उरलीसुरली कसर भरून काढली. मधे सिग्नल ५ व्होल्टवर चढवणारा ७४एएचसीटी१२५ किंवा ७४एचसीटी२४५ आयसी बसवा आणि आयसीला ५ व्होल्ट द्या. नावातला ‘टी’ नीट बघून घ्या, नुसती ७४एचसी मालिका इथे चालत नाही. आय-टू-सीसाठी (चिपा एकमेकींना जोडायच्या एका पद्धतीसाठी) मिळणारे मॉस्फेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) आणि १० किलोओहमचे छोटे लेव्हल शिफ्टरही नकोत. डेटाच्या ८०० किलोहर्ट्‌झला त्यांच्यातून येणाऱ्या सिग्नलच्या कडा गोल होतात. आयसीनंतर ३३० ओहमचा रेझिस्टर लावा आणि डेटाच्या वायरीला शेजारची ग्राउंड वायर पीळ घालून सोबत न्या.

आयसी हाताशी नसेल तर डिस्प्लेच्या आधी एक जादा एलईडी जोडा आणि त्याचा प्लस १एन४००७ डायोडमधून द्या. त्याला ४.३ व्होल्ट मिळतात, म्हणून ३.० व्होल्टचा ‘एक’ त्याला पुरतो, आणि तो पुढे देतो तो सिग्नल ४.३ चा असतो.

प्रश्न : अर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डवर २५६ एलईडी चालतात. १०२४ केल्यावर कंपाइल होतं, अपलोड होतं, पण एकही पेटत नाही.

उत्तर : प्रत्येक एलईडीला ३ बाइट, म्हणजे ३०७२ बाइट. उनोची रॅम २०४८. निओपिक्सेल लायब्ररी ही जागा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर मागते, म्हणून कंपाइलर तक्रार करत नाही. जागा मिळाली नाही की लायब्ररी एलईडींची संख्या शून्य धरून गप्प बसते. ईएसपी३२ घ्या.

त्याचा वेगही इथे कामी येतो. एका एलईडीचा डेटा जायला ३० मायक्रोसेकंद लागतात. १०२४ एका साखळीत असतील तर एका चित्राला ३१ मिलिसेकंद, सेकंदाला फार तर ३२ चित्रं. वरच्यासारखे चार भाग करून चार पिनांवरून एकदम पाठवलं तर हा वेळ ८ मिलिसेकंदांच्या आत येतो. उनोवर लहान डिस्प्लेचं घड्याळ करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं : डेटा जात असताना इंटरप्ट (मुख्य काम थांबवून मधेच होणारी कामं) बंद असतात, म्हणून मिलिस हा मिलिसेकंद मोजणारा आकडा मागे पडतो. वेळ डीएस३२३१ सारख्या आरटीसीवरूनच (घड्याळाच्या चिपवरूनच) घ्या.

प्रश्न : साध्या लाल एलईडींचा १६ × ६४ डिस्प्ले ७४एचसी५९५ या शिफ्ट रजिस्टर आयसीवर (एकामागून एक आलेला डेटा आठ पिनांवर देणाऱ्या) केला आहे. ओळीत जास्त एलईडी पेटले की प्रकाश कमी होतो, आणि प्रत्येक अक्षराखाली त्याची फिकट सावली दिसते.

उत्तर : ७४एचसी५९५ च्या एका पिनचा आकडा बघून फसायला होतं. संपूर्ण आयसीची मर्यादा ७० मिलिअँपिअर आहे, आणि आठ पिनांना २० प्रमाणे १६० होतात. स्तंभांसाठी टीपीआयसी६बी५९५ हा जास्त करंट झेपणारा आयसी वापरा. तो ग्राउंडकडे खेचतो, म्हणून कॅथोड त्याच्याकडे हवेत. त्यालाही ५ व्होल्टचाच सिग्नल लागतो. अशा डिस्प्लेत एका वेळी एकच ओळ पेटते, म्हणून ओळीच्या बाजूला ६४ × २० म्हणजे सुमारे १.३ अँपिअर, तिथे पी-चॅनल मॉस्फेट हवा.

सावलीचं कारण क्रमात आहे. आधीची ओळ पुरती बंद व्हायच्या आत नवा डेटा बाहेर पडतो. आधी आउटपुट बंद करा, मग लॅच (नवा डेटा पिनांवर आणणं), मग ओळ बदला, काही मायक्रोसेकंद थांबा, मग आउटपुट सुरू. तरी राहिली तर मॉस्फेटच्या गेटचा पुल-अप (गेटला प्लसकडे खेचणारा रेझिस्टर) १० ऐवजी १ किलोओहम करून पाहा. गेट पिनने थेट चालवत असाल तर मात्र पुल-अपने फरक पडणार नाही, थांबायचा वेळच वाढवावा लागेल.

प्रश्न : डब्ल्यूएस२८१२बीच्या साखळीत मधूनच पुढचे सगळे एलईडी बंद पडले. कोणता बदलायचा?

उत्तर : पहिला बंद किंवा शेवटचा चालू, दोघांपैकी कोणीही गुन्हेगार असू शकतो. चालू एलईडीची आउटपुट बाजू मेलेली असू शकते. आधी दोघांमधला सांधा पुन्हा डाग देऊन पाहा, बहुतेक वेळा तोच सुटलेला असतो. नाहीतर दोन्ही बदला. सप्लाय बंद करूनच हात घाला, आणि पुन्हा जोडताना ग्राउंड आधी, डेटा शेवटी.