हनुवटीत फिलर भरण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी हनुवटी मागे गेलेली दिसते. क्लिनिकमध्ये फिलरच्या, म्हणजे आकार भरून काढायला टोचतात त्या जेलच्या, एक-एक मिलीच्या दोन सिरिंज लागतील म्हणाले. तीन आठवड्यांवर लग्न आहे. करून घेऊ का? (वाचक, नाशिक)

लग्नाआधी नको. सूज आणि काळंनिळं उतरायला कधी दोन आठवडे जातात, आणि एक बाजू कमी-जास्त वाटली तर दुरुस्तीला वेळच उरत नाही. हाताशी निदान दीड महिना असावा. दातांची सफाई किंवा रूट कॅनॉल करायचं असेल तर त्यात आणि फिलरमध्ये दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. तोंडातले जंतू रक्तातून फिलरपर्यंत पोहोचू शकतात.

त्याआधी हनुवटी मागे का आहे ते बघा. मान सरळ, ओठ सैल मिटलेले ठेवून बाजूने फोटो काढा. दोन्ही ओठांच्या सर्वांत पुढच्या टोकांना जोडणारी रेषा तशीच खाली आणा. हनुवटी तिला टेकत असेल किंवा जराशीच मागे असेल तर ठीक. काही मिलिमीटरचीच कमी असेल तर ती फिलरने भरून निघते. पण खालचा जबडाच लहान असेल, वरचे दात पुढे असतील, ओठ मिटायला जोर लावावा लागत असेल, तर आधी ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात-जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या डॉक्टरकडे, जा. अशा हनुवटीवर ओठ मिटताना संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात, कारण मेंटॅलिस हा स्नायू सतत ताणलेला असतो. तिथे कितीही फिलर ओतलं तरी तो स्नायू ते दाबतो आणि पसरवतो. दाबाखाली असलेल्या फिलरखालचं हाड झिजल्याचंही स्कॅनमध्ये दिसलेलं आहे. घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर तोही डॉक्टरांना सांगा, लहान जबड्याशी त्याचा संबंध असतो.

दोन मिली हे प्रमाण अवाजवी नाही. तरीही पहिल्या दिवशी एकच मिली भरून घ्यावं आणि सूज उतरल्यावर, दोन ते चार आठवड्यांनी, पुढचं ठरवावं. फिलर हायलुरॉनिक अ‍ॅसिडचंच (ते गरज पडल्यास विरघळवता येतं), पण घट्ट जातीचं हवं. ओठांसाठीचं मऊ जेल इथे उभारी धरत नाही. घट्ट जेल मुख्यतः हाडालगत, मध्यभागी भरतात. सगळं मध्येच भरलं की हनुवटी टोकदार होते, म्हणून पुरुषांमध्ये ते दोन्ही बाजूंनाही विभागतात.

प्रश्न : मैत्रिणीच्या हनुवटीवर फिलरनंतर जांभळट जाळी उमटली. क्लिनिकने फोनवर बर्फ लावायला सांगितलं. हे बरोबर होतं का? (वाचक, कोल्हापूर)

नाही. जाळीसारखा डाग दिसला की रक्तवाहिनी बंद झाली असंच धरून चालायचं आणि त्याच तासाला रुग्णाला समोर बोलवायचं. सुईतलं जेल धमनीत शिरलं किंवा बाहेरून धमनी दाबली गेली, की पुढच्या त्वचेला रक्त मिळत नाही. साधा मार लागल्यासारखा डाग एकसारखा जांभळा असतो आणि दुखणं बेताचं असतं. बंद वाहिनीत त्वचा आधी पांढरी पडते, मग जाळी येते. वेदना वाढत जाते, पण फिलरमध्येच भुलीचं औषध असल्याने सुरुवातीला ती जाणवेलच असं नाही. म्हणून दुखत नाही यावर विसंबू नका. बोटाने पाच सेकंद दाबून सोडा. रंग दोनेक सेकंदांत परत यायला हवा. हनुवटीखालच्या धमनीच्या फांद्या जिभेकडच्या धमन्यांशी जोडलेल्या असतात, त्यामुळे जीभ दुखणं किंवा पांढरी पडणं हीसुद्धा तीच खूण. नजरेत काहीही फरक पडला तर थेट मोठं रुग्णालय गाठा.

बर्फाने वाहिन्या आणखी आकुंचन पावतात. कोमट शेक आणि हलकं चोळणं चालेल, पण खरा उपाय हायल्युरोनिडेजचं, म्हणजे हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल विरघळवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन. आपल्याकडे ते 1500 युनिटच्या कुपीत मिळतं. शेकडो युनिट त्या सगळ्या भागात देऊन तासाभराने रंग तपासतात आणि रंग परतेपर्यंत पुन्हा देतात. उशीर झाला तर त्वचा मरते. म्हणून सुई टोचण्याआधीच विचारा : ही कुपी इथे, आत्ता आहे का? ‘मागवून घेऊ’ असं उत्तर आलं तर उठून या. मधमाशीच्या डंखाची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर या इंजेक्शनचीही येऊ शकते, म्हणून तेही आधीच सांगा.

प्रश्न : फिलर किती टिकतं? (वाचक, पुणे)

हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं साधारण वर्ष ते दीड वर्ष. कॅल्शियमवालं फिलर हायल्युरोनिडेजने विरघळत नाही, म्हणून पहिल्या खेपेला ते टाळावं. पातळ सिलिकॉन कुणी सुचवलं तर स्पष्ट नकार द्या. सिरिंजचं खोकं तुमच्यासमोर फोडायला लावा आणि बॅच नंबरचं स्टिकर फाइलला लावून घ्या. पुढे गाठ आली तर आत नेमकं काय भरलंय हे दुसऱ्या डॉक्टरला त्यावरूनच कळतं.