दुर्बिणीत चंद्राची कड दुहेरी दिसते. आरसा बदलावा का?

हो, बदला. पण मुख्य आरसा नाही, आतला छोटा तिरपा आरसा, आणि त्याच्या जागी समोरून लेप असलेला बसवा. तुम्ही लिहिलंय की दुर्बीण न्यूटन पद्धतीची आहे (तळाचा मुख्य आरसा प्रकाश गोळा करतो, छोटा तिरपा आरसा तो बाजूला डोळ्याकडे वळवतो), फोकल लांबी, म्हणजे मुख्य आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर, १ मीटर, आणि तिरपा आरसा काचवाल्याकडून ४ मिमीच्या साध्या आरशातून कापून घेतलाय. दुहेरी कड तिथूनच येते.

साध्या आरशाचा लेप काचेच्या मागे असतो: चांदी, तिच्यावर तांबं, त्यावर रंग. घरच्या वापराला हेच योग्य, कारण ओल्या फडक्याने कितीही पुसा, लेपाला हात लागत नाही. पण प्रकाशाला आधी काचेत शिरावं लागतं आणि शिरतानाच काचेच्या वरच्या पृष्ठभागावरून त्यातला थोडा परत फिरतो. समोरून पडला तर सुमारे ४ टक्के, ४५ अंशांत थोडा जास्त. उरलेला मागच्या चांदीवर आपटून बाहेर येतो. म्हणजे प्रतिबिंबं दोन. ४ मिमी काच ४५ अंशांत बसवली की या दोन्हींत साधारण ३ मिमी अंतर पडतं. तुमच्या दुर्बिणीत चंद्राची प्रतिमाच जेमतेम ९ मिमीची, म्हणजे दुसरा फिकट चंद्र एक तृतीयांश सरकून बसतो. काळ्या आभाळावर तो लपणार कसा?

हेच फिकट प्रतिबिंब एका ठिकाणी मुद्दाम वापरतात. रात्री पुणे रोडवर मागच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की आपण गाडीतल्या आरशाची खालची कळ ओढतो. त्या आरशाची काच पाचरीसारखी, वर जाड आणि खाली पातळ किंवा उलट. कळ ओढली की चांदीवरचा प्रकाश छताकडे जातो आणि डोळ्यांना मिळतो तो फक्त काचेवरून परतलेला थोडासा.

समोर लेप असलेल्या आरशात प्रकाश काचेत जातच नाही, काच नुसता आधार. वर निर्वात पेटीत चढवलेला ॲल्युमिनियमचा थर, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, आणि बहुधा त्यावर एक पारदर्शक संरक्षक थर. हा आरसा जास्त लख्ख असतो असं अनेकांना वाटतं, ते खरं नाही. साधं ॲल्युमिनियम ९० टक्क्यांच्या आतबाहेरच प्रकाश परत पाठवतं, चांदी त्याहून जास्त. फायदा आहे तो एकाच स्वच्छ प्रतिबिंबाचा. फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोने १८५७ च्या सुमारास दुर्बिणीच्या काचेवर समोरून चांदीच चढवली होती, पण उघडी चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. १९३० च्या दशकात ॲल्युमिनियम आलं आणि ती कटकट बरीच मिटली.

मी सोलापुरात झेरॉक्स मशीन दुरुस्त करतो. मोठ्या मशीनमध्ये स्कॅनरच्या काचेखाली बहुधा असेच तीन लांबट आरसे असतात. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारच्या दुकानातलं मशीन उघडलं की त्यांवर सुताची बारीक लव बसलेली असते. एखादा तंतू मोक्याच्या जागी चिकटला तरी प्रत्येक कॉपीवर काळी रेघ उमटते. मग फडकं घेऊन खसाखसा पुसायचं नाही. आधी रबरी ब्लोअरने हवा मारायची. तेलकट डाग असेल तरच डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिक्विड सोपचा एक थेंब टाकून कापसाचा बोळा त्याच्या स्वतःच्या वजनानेच फिरवायचा, परत डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं आणि आरसा उभा ठेवून वाळवायचा. बोअरचं पाणी नको, पांढरे डाग राहतात. बोटंही लावू नका.

भंगारातल्या मशीनमधली अशी पट्टी तुमच्या कामाला येईल. घेताना कागदाचा टोकदार कोपरा तिच्या कडेजवळ हलकेच टेकवून तिरपं बघा. टोक आणि प्रतिबिंब एकमेकांना भिडलं तर लेप समोर, मध्ये फट दिसली तर मागे. मात्र पट्टीची रुंदी तुमच्या आरशाला पुरते का, ते आधी मोजा. प्रतिमा थोड्याच पटींनी मोठी केली तर चंद्र छान दिसेल. शनीची कडी खूप मोठी करून बघायची असतील तर दुर्बिणीसाठीच बनवलेला आरसा विकत घ्या. त्याचा सपाटपणा हिरव्या प्रकाशाच्या पाव तरंगलांबीत, म्हणजे सुमारे ०.०००१४ मिमीत असावा लागतो. झेरॉक्सच्या पट्टीकडून ती अपेक्षा ठेवू नका.

बसवताना लेपाची बाजू मुख्य आरशाकडे ठेवा. परावर्तन आता काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर होणार, त्यामुळे जुन्या होल्डरमध्ये प्रतिमा थोडी सरकेल. आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) नळीतून बघत मुख्य आरसा पुन्हा मधोमध आणा.