माळ्यावरची ट्रंक टाकवत नाही, तेव्हा

"मॅडम, टाकवत नाही आणि ठेवायलाही जागा नाही." चाळी पाडून टॉवर उभे राहायला लागल्यापासून हे वाक्य समुपदेशक म्हणून माझ्याकडे सारखं येतं. वरळीच्या बीडीडी चाळीतली कुटुंबं १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाऊ लागली, तरी माळ्यावरच्या ट्रंकेचा प्रश्न काही सुटत नाही.

परळच्या एक पन्नाशीच्या बाई अशाच आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई गेलेली. ट्रंकेत तिने घरी शिवलेले वेशभूषेचे कपडे: कृष्णाचं पीतांबर, वासुदेवाचा घोळदार झगा, बेगड लावलेला पुठ्ठ्याचा मुकुट. भाऊ म्हणाला, फोटो काढ आणि देऊन टाक. तेव्हापासून बहीणभावांत अबोला.

"ते टाकणं म्हणजे आईला टाकणं," बाई म्हणाल्या.

मी समजावत बसले नाही. म्हटलं, "ज्याला हात लावणं सगळ्यात जड जातं, तेवढंच घेऊन या."

त्यांनी झाशीच्या राणीचा अंगरखा आणला. जुन्या जांभळ्या साडीचा, बाह्यांना तिचेच काठ. १९८२च्या गिरणी संपात वडील घरी बसलेले. शाळेच्या वेशभूषा स्पर्धेला वर्गातल्या बाकी मुलींचे ड्रेस भाड्याने आणलेले.

"त्या दिवशी आईला काही बोललात?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "मी यात भिकारणीसारखी दिसते, म्हणाले तिला."

"आणि आई?"

"काहीच नाही बोलली."

मी अंगरखा उलटा करायला सांगितला. आत चांगली दोन बोटं माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, ठेवलेली, आणि शिवणीशेजारी उसवलेल्या टिपांच्या भोकांच्या दोन रांगा. बाई त्यावर बोट फिरवत राहिल्या.

"पुढच्या वर्षी तिने हाच मोठा करून दिला. मी घातला, दुसरा नंबर आला. नंतर शेजारच्या मुलीसाठी परत उसवला." मग एकदम म्हणाल्या, "म्हणजे ती माझ्यावर रागावली नव्हती!"

त्यानंतर ट्रंकेचा निर्णय अवघड राहिला नाही. भावाला बोलावून त्यांनी हे सगळं त्याला सांगितलं. अंगरखा आणि मुकुट ठेवला, बाकीचे कपडे बालवाडीला दिले.

शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन काढून घेणं, असं मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडने १९१७ साली मांडलं. मी त्या मताची नाही. नातं राहतं, फक्त त्याचं रूप बदलावं लागतं, आणि याच वाटेने माझ्याकडची कितीतरी माणसं मोकळी झालेली मी पाहिली आहेत. जी वस्तू अजिबात सोडवत नाही, तिच्यात बहुतेकदा न बोललेलं काहीतरी अडकलेलं असतं. ते आधी कुणापाशी तरी बोला. टेम्पो दारात उभा असताना ठरवू नका. भावंडांना एकत्र बसवा, एकेक कपडा हातात घ्या, कुणी कधी घातला ते सांगा. घरच्यांनीही 'कचरा' हा शब्द टाळावा.

ठेवाल ते सुती पंच्यात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि मुंबईच्या दमट हवेत जरीचं काम काळवंडतं. नाडीऐवजी इलॅस्टिक असेल तर काढून टाका, ते चिकट होऊन कापड खराब करतं. मात्र सामानामुळे घरात झोपायला, स्वयंपाकाला जागा उरत नसेल, आणि रद्दीसुद्धा टाकवत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. २०१३पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात असं सामान साठवत राहणं हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे आणि त्यावर उपचार होतात.