साहेब म्हणतात ‘कम्युनिकेशन सुधारा’, म्हणजे नेमकं काय करू?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून बडोद्याला येऊन सहा महिने झाले, मकरपुरा जीआयडीसीतल्या (आपल्या एमआयडीसीसारखी गुजरातची औद्योगिक वसाहत) एका कंपनीत प्लॅनिंगला आहात, काम येतं, पण अप्रेझलमध्ये साहेबांनी ‘कम्युनिकेशन सुधारा’ एवढंच सांगितलं. इंग्रजी कच्चं, गुजराती येत नाही, मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. कोर्स लावू का, असं विचारलंय.

मी दांडिया बाजारात वाढले आणि बावीस वर्षं याच जीआयडीसीत प्लॅनिंग आणि डिस्पॅच सांभाळलं. कोर्सचं नंतर बघू. आधी बाबांचं सांगते, कारण मला या बाबतीत जे काही येतं ते त्यांच्याकडून आलंय.

बाबा एका छोट्या स्टेशनावर स्टेशन मास्तर होते. गाडी यायची झाली की गेटमनला फोन करून फाटक बंद करायला सांगायचे. गेटमनने नुसतं ‘हो साहेब’ म्हटलेलं चालत नसे. त्याच्याकडे एक छापील कागद असायचा, त्यावर उलटसुलट क्रमाने दोन आकडी नंबर. फाटक बंद करून त्याने त्यातला पुढचा नंबर सांगायचा आणि खोडायचा, बाबांनी तो वहीत लिहायचा. याला रेल्वेत प्रायव्हेट नंबर म्हणतात. सुट्टीत मी शेजारी बसून ऐकायचे. “बोल नंबर.” “सत्तेचाळीस.” “चार सात, सत्तेचाळीस.” एवढं झाल्याशिवाय बाबा दुसऱ्या कशालाही हात लावत नसत.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ही शिस्त मी विसरले. शॉपफ्लोअरवरून गुजरातीत चिठ्ठी आली: ‘२४० नंग, काले डिस्पेच’. (नंग म्हणजे आपले नग.) मी लहानपणापासून गुजराती बोलते, पण त्या दिवशी घाईत डोकं मराठीत होतं. ‘काले’ म्हणजे काल, असं धरून गिऱ्हाइकाला फोनवर सांगून टाकलं की माल निघाला. गुजरातीत नुसतं ‘काले’ म्हटलं तर तो गेलेला दिवसही असतो आणि येणाराही, हिंदीतल्या ‘कल’सारखाच. माल अजून पॅकिंगला होता. तिकडे त्यांनी माणसं ओव्हरटाइमला बोलावून ठेवली होती, ती रिकामी बसली. माझं इंग्रजी कितीही फर्डं असतं तरी ही चूक झालीच असती.

त्यानंतर माझ्या टेबलावरून जाणाऱ्या कागदावर काल, उद्या, परवा हे शब्द बंद झाले. (आपल्या ‘परवा’लाही दोन्ही अर्थ आहेत, लक्षात ठेवा.) वार, तारीख, वेळ, नंग आणि कोण पाठवणार, एवढं लिहायचं.

बोलताना ‘समजलं का?’ विचारणं सोडून द्या. त्याचं उत्तर ‘हो’च येतं, आणि इथे ‘थई जशे, बेन’ येतं. होऊन जाईल! कधी, कोण, किती, यातलं काहीच त्यात नसतं. समोरचा खोटं बोलत नसतो. ‘नाही समजलं’ म्हणणं कुणालाही जड जातं. म्हणून कमीपणा आपल्याकडे घ्यावा. आमच्या सुपरवायझरना मी मोटाभाई म्हणायचे. त्यांना विचारायचे, “मोटाभाई, मी घाईत बोलले, काही राहिलं असेल. तुम्ही काय लिहून घेतलंत ते वाचता का?” एकदा ते वाचायला लागले, “फ्लँज २४०, ड्रिल करून प्लेटिंगला...” आणि मध्येच थांबले. “पण बेन, ड्रिलनुं फिक्सचर तो रिपेरिंगमां छे.” म्हणजे ड्रिल करताना माल धरून ठेवणारं साधनच दुरुस्तीला गेलेलं. हे मी विचारलंच नव्हतं. वाचायला लावलं म्हणून मंगळवारी कळलं, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी कळलं असतं.

हेच वरच्या बाजूलाही करा. साहेबांनी काम सांगितलं की उठण्याआधी म्हणा, “म्हणजे मी आधी शॉर्टेजची यादी संपवतो, गुरुवारी बारापर्यंत तुम्हाला देतो, आणि शेड्यूल पुढच्या सोमवारी.” चुकत असेल तर ते तिथेच दुरुस्त करतील.

गुजरातीला घाबरू नका. आकडे, वार, मापं यांपासून सुरुवात करा. ‘बसो’ म्हणजे दोनशे, हे माहीत नसेल तर माणूस खुर्ची शोधतो. आपलं गाव भाषांच्या या गुंत्याला जुनं सरावलेलं आहे. राजे मराठी, रयत गुजराती, इंग्रज सरकारशी पत्रव्यवहार इंग्रजीत. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांमधला कोश बडोद्यात निघाला. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. तुम्ही तुमच्या टेबलापुरती एक वही करा, शॉपफ्लोअरवर ऐकलेला प्रत्येक नवा शब्द त्यात टाका आणि अर्थ तिथल्याच माणसाला विचारा. विचारलेलं लोकांना आवडतं.

मेलला उत्तर येत नसेल तर विषयाची ओळ बघा. ‘ड्रॉइंगबाबत’ असा विषय कुणी उघडत नाही. ‘फ्लँज ड्रॉइंगला गुरुवारी १२ पर्यंत मंजुरी हवी’ असं लिहा, आणि एका मेलमध्ये एकच मागणं ठेवा. मीटिंगचं म्हणाल तर घरून एक वाक्य लिहून न्या आणि पहिल्या पाच मिनिटांत बोलून टाका. उशीर झाला की धीर जातो.

इंग्रजीचा क्लास खुशाल लावा, मेल लिहायला उपयोग होईल. दोन दिवसांच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात मात्र पैसे घालू नका, हे माझं स्पष्ट मत.

आणि साहेबांकडे परत जा. ‘कम्युनिकेशन सुधारा’ हेही ‘थई जशे’च्याच जातीचं वाक्य आहे. विचारा, “गेल्या दोन महिन्यांतला एखादा प्रसंग सांगता का, जिथे माझ्यामुळे तुम्हाला अडचण झाली?” माझ्या हाताखालच्या एका मुलाने मला हेच विचारलं होतं. विचार केल्यावर मला जाणवलं की तो बोलतो छान, इंग्रजीही चांगलं, फक्त माल उशिरा जाणार ही बातमी शेवटच्या दिवसापर्यंत दाबून ठेवतो. तसं त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी साडेनऊला माझ्या टेबलाशी यायचा, आज काय अडकणार आहे तेवढं सांगायचा आणि जायचा.